कच्च्या मालाचा रकाना

बँकेतल्या नोकरीची शेवटची काही वर्षं मी कोल्हापूर आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांतल्या शाखांमध्ये काढली. शेतीकर्जांच्या जोडीला छोट्या कारागिरांची कर्जप्रकरणं माझ्याकडे असत. कुंभार, चांदीकाम करणारे, सोनार, लाकडी खेळणी करणारे, घोंगडी विणणारे अर्ज घेऊन येत. अर्ज आला की त्यांच्या घरी किंवा कामाच्या जागी जाऊन पाहणी करायची, ही माझी जबाबदारी. अर्जात ठरलेले रकाने असतात. जागा स्वतःची की भाड्याची, अवजारं कोणती, कच्चा माल कोणता आणि कुठून येतो, तयार माल कुठे जातो, वर्षाची उलाढाल किती. हे रकाने मी टेबलावर बसून भरले नाहीत. कारागिराचं काम चालू असताना शेजारी बसून विचारत गेले, आणि त्या विचारण्यातून मला ही कामं कळत गेली.

हस्तकलेविषयी शहरात बोलणं निघालं की सगळा भर विक्रीवर असतो. प्रदर्शन भरवा, ऑनलाइन विका, वेष्टन सुधारा, तरुणांना आवडतील असे रंग घ्या. या सूचना चांगल्याच आहेत, त्यांनी कित्येकांचं भलंही झालं आहे. पण घरोघरी बसून अर्ज भरताना मला अडलेला दिसायचा तो कच्च्या मालाचा रकाना. माती, लाकूड, लाख, चांदी, लोकर. जिथे हा माल हाताशी होता तिथे मुलं अजून वडिलांच्या शेजारी कामाला बसत होती. जिथे तो तुटला होता तिथे गिऱ्हाईक असूनही काम बंद पडत चाललं होतं. कारागिरी टिकवायची तर आधी तिचा माल टिकवला पाहिजे, हे माझं मत या पाहण्यांमधून बनलं आणि ते मी आजही ठामपणे मांडते.

कोल्हापुरात शाहूपुरी, गंगावेश, बापट कॅम्प अशा भागांत कुंभारांची वस्ती आहे. त्यांचं वर्ष सणांवर बांधलेलं असतं. संक्रांतीची सुगडी, उन्हाळ्याचे माठ, बेंदराला मातीचे बैल, नागपंचमीचे नाग, मग गणपती आणि गौरी, नवरात्राचे घट, दिवाळीच्या पणत्या. एक सण हातावेगळा होतो न होतो तोच पुढच्याची तयारी लागते. माझ्या पाहणीतले एक वयस्क कुंभार माठ घडवायचे. बोलता बोलता त्यांचा हात थांबत नसे. चाकावर भांड्याचा गळा उतरवून ते बाजूला ठेवायचे आणि थोडं सुकल्यावर आतून गोळा धरून बाहेरून थापीनं ठोकत त्याचं पोट वाढवायचे. भांडं केवढं मोठं होईल ते चाकावर ठरत नाही, थापीखाली ठरतं, हे मला तिथे प्रथम दिसलं.

मातीची मिसळ त्यांनी मला नीट समजावून सांगितली. तळ्यातली काळी माती चिकट असते. ती एकटी वापरली तर सुकताना तडकते. म्हणून तिच्यात राख, बारीक वाळू आणि घोड्याची लीद मळायची. आव्यात भाजताना लिदीतला काडीकचरा जळून जातो आणि माठाच्या अंगात बारीक छिद्रं राहतात. त्यातून पाणी पाझरतं, वाऱ्यानं उडतं आणि आतलं पाणी गार होतं. म्हणजे माठ गार ठेवतो याचं श्रेय निम्मं लिदीला. टांगे गेले आणि लीद दुर्मिळ झाली. ती मिळवण्यासाठी या गृहस्थांनी घोडे पाळणाऱ्या एका माणसाशी वर्षाचा व्यवहार ठरवला होता. मी ते अर्जात लिहिलं, तेव्हा माझ्या वरिष्ठांनी फोन करून विचारलं की हा खर्च नक्की कशाचा. मी त्यांना माठाचं शास्त्र सांगितलं आणि प्रकरण मंजूर झालं.

लिदीचं असं जमलं, मातीचं जमेना. शहराभोवतीच्या ज्या शेतांतून आणि तळ्यांतून पूर्वी गाढवांवर माती यायची, त्या जागी प्लॉट पडले होते. तळ्यांना काठ बांधले गेले होते. परंपरेनं कुंभारकाम करणाऱ्यांना ५०० ब्रासपर्यंतच्या मातीवर स्वामित्वधन माफ आहे, तशी राज्याच्या गौण खनिजाच्या नियमांत तरतूद आहे. पण माती उचलायची परवानगी आणि उचलायला माती या दोन वेगळ्या गोष्टी. ते मला म्हणाले, "म्याडम, पैसं तुमी द्याल. माती कोण देणार?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि बँकेच्या कुठल्याच परिपत्रकात ते नव्हतं.

गणपतीच्या मूर्तींचं गणित आणखी वेगळं. शाडूची माती इथली नाही, ती गुजरातमधून पोत्यांतून येते. मूर्तिकार जानेवारी-फेब्रुवारीत माती भरतो, पावसाळ्याआधी साच्यातून मूर्ती काढायला लागतो, आणि पैसा हातात येतो तो भाद्रपदात. मधले सात-आठ महिने सगळं भांडवल मातीत आणि रंगात अडकलेलं. शाडूची मूर्ती जड असते, हवा दमट असेल तर सुकायला वेळ घेते आणि हाताळताना तिचं बोटसुद्धा पटकन तुटतं. प्लास्टर ऑफ पॅरिस हलकं, साच्यात झटपट घट्ट होणारं. इतकी वर्षं बहुतेकांनी प्लास्टर का धरलं याचं कारण इथे आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं मे २०२० मध्ये मूर्तिविसर्जनाची सुधारित मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली. नद्यांसाठी हे हवंच होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण एका मालाकडून दुसऱ्या मालाकडे वळताना माणसाला जागा, वेळ आणि आगाऊ पैसा लागतो, आणि तो कुणी द्यायचा हे नियमात लिहिलेलं नसतं.

त्या आधीच्या वर्षी, ऑगस्ट २०१९ मध्ये, पंचगंगेनं शहराला वेढा घातला. गणेशचतुर्थी महिन्याभरावर होती. पाणी ओसरल्यावर मी कर्जदारांच्या घरांची पाहणी करायला गेले. शाडूची मूर्ती भाजलेली नसते, ती पाण्यात विरघळते. एका घरात फळ्यांवर मूर्तींच्या जागी नुसते ढीग बसले होते आणि त्यातून आधाराच्या काड्या वर आल्या होत्या. घरची बाई एकेका फळीवर कुठली मूर्ती होती, कुणी सांगितली होती, इसार किती दिला होता, ते मला सांगत गेली आणि मी लिहीत गेले. तिला एकही नाव आठवावं लागलं नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत नैसर्गिक आपत्तीनंतर कर्जाची फेररचना करता येते. ती प्रकरणं आम्ही लगोलग केली. जुलै २०२१ च्या पुरात पुन्हा तीच वेळ आली, तेव्हा कित्येकांनी आधीच मूर्ती उंचावरच्या जागी हलवल्या होत्या.

त्यानंतर वस्तीतल्या काही कुटुंबांनी एक ठरवलं. प्रत्येकानं वेगवेगळी चार-दहा पोती उधारीवर घेण्याऐवजी एकत्र गाडी मागवायची, रोखीनं. त्यांच्या संयुक्त जबाबदारी गटाला आम्ही कर्ज दिलं आणि मुख्य म्हणजे परतफेडीचे हप्ते दरमहा न ठेवता गणपतीनंतर ठेवले. उधारीमुळे दरात जे जास्तीचे पैसे जात होते ते वाचले. वर्षाच्या शेवटी त्यांचं खातं चोख होतं. यात विक्री कुठेच वाढलेली नव्हती. मूर्ती तितक्याच होत्या, गिऱ्हाईक तेच होतं. फक्त माती वेळेवर आणि रास्त भावानं आली होती.

सावंतवाडीला माझी बदली झाली तेव्हा आंबोली घाटाखालचं जग नवीन होतं. मोती तलाव, काठावरचा राजवाडा आणि बाजारातली चितार आळी. आळीत लाकडी फळांच्या परड्या, भातुकलीचे संच, पाट, चौरंग, देव्हारे, पाळण्यावरची खेळणी मांडलेली असतात. लाकडी आंबा इतका खरा रंगवतात की देठाजवळचा लालसर पट्टा आणि सालीवरचे काळे ठिपकेही सुटत नाहीत. दुकानात दिसतं ते हे. काम चालतं ते मागच्या पडवीत किंवा आसपासच्या गावांत.

दोन प्रकारचं काम मी पाहिलं. एक कातकाम. यंत्रावर लाकूड गरगर फिरत असतं, त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरायची. घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळते आणि लाकडावर पसरते. मग केवड्याच्या पानानं दाबून घासलं की तिला चकाकी चढते. हा रंग वरून लावलेला राहत नाही, लाकडाशी एकजीव होतो, म्हणून लहान मुलाच्या तोंडात गेलेलं खेळणंही रंग सोडत नाही. दुसरं काम कुंचल्याचं. फळांना आधी चिंचोक्याची खळ आणि खडूची भुकटी यांचा लेप देतात, तो घासून लाकडाच्या रेषा बुजवतात आणि मग रंगवतात. चिंचोके भाजून, साल काढून, भिजवून, वाटून ती खळ शिजवायची. एका घरातल्या आजी फक्त हेच काम करायच्या. खळ किती शिजली ते त्या चमच्यावरून ओघळणाऱ्या धारेवरून ओळखायच्या, आणि घरातल्या कुणाचंही रंगकाम त्यांच्या होकाराशिवाय सुरू होत नसे.

फळांसाठी लागतं पांगाऱ्याचं लाकूड. पांगारा हलका, मऊ, छिनीला लवकर वश होणारा. पूर्वी कोकणात तो कुंपणाला असे, मिरीचा वेल चढवायला असे. वसंतात लाल फुलांनी भरायचा. लाकडाला इमारती किंमत नाही, म्हणून कारागिराला तो जवळजवळ फुकट मिळे. पुढे जमिनीला काजूची आणि रबराची किंमत आली. कुंपणं तारेची आणि चिऱ्याची झाली. पांगारा कुणी मुद्दाम नष्ट केला नाही, त्याची गरज संपली आणि तो गेला. मी एका कारागिराला रकान्यातला ठरलेला प्रश्न विचारला तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, रंग बाजारात गावता. पांगारो खंय गावतलो?" कोल्हापुरात मातीबद्दल जे ऐकलं होतं तेच मी घाटाखाली मालवणीत ऐकत होते. त्याच्याकडे फळांच्या परड्यांची मोठी मागणी पडून होती आणि लाकूड अर्ध्याच फळांपुरतं होतं. उरलेल्या फळांसाठी त्यानं आंब्याचं लाकूड घ्यायचा विचार केला, पण ते जड, कोरायला वेळ जास्त, आणि फळ हातात घेतल्यावर वजन चुकीचं वाटतं. गिऱ्हाइकाला कारण सांगता येणार नाही, पण त्याचा हात ओळखतो, असं त्याचं म्हणणं.

गंजिफा हा हातानं रंगवलेल्या पत्त्यांचा खेळ मी राजवाड्यात बघितला. गोल पानांवर दहा अवतार, प्रत्येक अवताराची बारा पानं, एकूण १२० पानांचा दशावतारी संच. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ही कला संपायला आली होती. पुंडलिक चितारी हे वयोवृद्ध कलावंत तेवढे राहिले होते. सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी त्यांच्याकडून ती स्वतः शिकून घेतली, राजवाड्यात कामाची जागा दिली आणि तरुण कलावंतांना तिथे बसवलं. या गोष्टीत शिकणं आणि शिकवणं याबद्दल सगळे बोलतात, ते योग्यच आहे. मला त्यात आणखी एक बाजू दिसते. राजवाड्यानं जागेबरोबर सामानाची काळजीही आपल्याकडे घेतली. रंग संपला, कुंचला झिजला, लेपाला सामान हवं म्हणून कलावंताचं काम थांबायचं कारण उरलं नाही. एका माणसापाशी येऊन ठेपलेली कला तिथून पुढे चालली.

लाख मला पुन्हा भेटली ती कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात. कोल्हापुरी साजाची पारंपरिक पानं एकवीस सांगतात. दहा दशावतारांची, आठ अष्टमंगळाची, दोन माणिक-पाचूची आणि एक डोरल्याचं. गंजिफ्यावर रंगात पाहिलेले मत्स्य आणि कूर्म इथे सोन्याच्या पातळ पत्र्यावर ठशानं उठवलेले. पत्रा इतका पातळ की नुसता ठेवला तर बोटानं चेपेल. म्हणून पानाच्या आणि मण्याच्या पोटात लाख भरतात. लाखेच्या भरावामुळे कमी सोन्यात दागिना भरीव दिसतो आणि रोजच्या वापराला टिकतो. सोनं जितकं महाग, तितकं लाखेचं मोल जास्त. ही लाख प्रामुख्यानं झारखंड आणि छत्तीसगडच्या जंगलांतून येते. पळस, बोर आणि कुसुम या झाडांवर वाढणाऱ्या बारीक किड्यांचा तो स्राव. कोल्हापूरच्या गळ्यातल्या साजाला आणि सावंतवाडीच्या भोवऱ्याला इतक्या दूरचं जंगल लागतं, हे मी अर्ज भरताना शिकले.

सोनाराच्या अर्जात कच्च्या मालाचा रकाना भरताना मात्र मी अडायचे, कारण सोनं त्याचं नसतंच. पेढीवाला सोनं तोलून देतो, कारागीर दागिना तोलून परत करतो. मधली ठरलेली घट आणि मजुरी एवढाच त्याचा हिशेब. त्यामुळे कामाच्या जागी कणही वाया जाऊ देत नाहीत. हात धुतलेलं पाणी वेगळं साठवतात, केरसुणीनं काढलेली धूळ जपून ठेवतात, आणि ती धूळ गाळून सोनं काढणारे झारेकरी अजून या गल्ल्यांतून फिरतात. तारण काय, असं बँक विचारते. लाखो रुपयांच्या मालावर दिवसभर हात फिरवणाऱ्या माणसाकडे तारण म्हणून दाखवायला ऐरण, हातोड्या आणि ठसे असतात. त्या ठशांची किंमत आमच्या मूल्यांकनात भंगाराच्या भावानं धरली जायची. मी तिथे नेहमी जोडटीप लिहीत असे की हे ठसे याच्या आजोबांनी कोरलेले आहेत आणि यांच्याशिवाय हा दागिना होणार नाही. जोडटिपेनं कर्जाची रक्कम वाढली नाही, पण कागदावर ते राहिलं पाहिजे असं मला वाटे.

हातकणंगले तालुक्यातली हुपरी चांदीची. गावात शिरलं की गल्लीगल्लीतून ठोकण्याचा आणि मशिनचा आवाज येतो. अटणीवाला वेगळा, तार ओढणारा वेगळा, कड्या करणारा, झाळणारा, झिलई देणारा वेगळा. पैंजणाच्या कड्या जोडायचं काम घरोघरी बायका करतात. दुपारची भांडी आटोपली की उंबऱ्यात चिमटा घेऊन बसतात, आणि किलोवर मजुरी मिळते. २०२५ मध्ये चांदीचा भाव किलोला लाखाच्या कितीतरी पुढे गेला. गुंतवणूक करणाऱ्यांना आनंद झाला. हुपरीत त्याचा अर्थ वेगळा. तेवढ्याच पैशांत व्यापारी कमी चांदी देतो, दागिने हलके आणि पोकळ होतात, आणि किलोवर मजुरी घेणाऱ्या बाईच्या हातात कड्या तितक्याच पण वजन कमी येतं. नजर तितकीच लावायची, वेळ तितकाच द्यायचा, मजुरी मात्र उतरलेली. माझ्या ओळखीच्या एका बचतगटानं नगावर मजुरी मागितली आणि काही व्यापाऱ्यांनी ती मान्य केली. मालाच्या भावाशी कारागिराच्या श्रमाची किंमत बांधायची नाही, एवढी साधी गोष्ट त्यांना भांडून मिळवावी लागली.

काचेचं काम आमच्या भागात होत नाही, पण काच रोज हातावर असते. कासाराच्या दुकानातल्या बांगड्या फिरोजाबादच्या असतात आणि मंगळसूत्राचे काचमणीही उत्तर प्रदेशातून येतात. एका कासारदादांनी मला सांगितलं होतं की बांगडीचा भाव काचेपेक्षा भट्टीच्या जळणावर हलतो. ताजमहालाच्या रक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये दिलेल्या निकालानंतर त्या पट्ट्यातल्या कारखान्यांना कोळसा सोडून नैसर्गिक वायूकडे वळावं लागलं. ज्यांना वायूची जोडणी मिळाली ते टिकले. जळण हाही कच्चा मालच, फक्त तो वस्तूत दिसत नाही.

हुपरीपासून पट्टणकोडोली अगदी जवळ. विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्यानं पिवळं होणारं हे गाव. यात्रेला येणाऱ्या धनगरांच्या खांद्यावर काळी घोंगडी असते. याच भागात सनगर समाजातले एक विणकर राहायचे, घोंगडीचा माग असलेले. माग खड्ड्यातला. विणकर खड्ड्यात पाय सोडून जमिनीच्या पातळीवर बसतो. ताणा अंगणात पसरून त्याला खळ देतात, आणि ती खळ चिंचोक्याची. सावंतवाडीच्या आजी फळांसाठी शिजवायच्या तीच इथे कुंच्यानं लोकरीच्या धाग्याला लावत होते. धागा ताठ होतो, विणताना तुटत नाही, आणि घोंगडीवर पाऊस सहज मुरत नाही. चिंचेची झाडं दोन्हीकडे बांधावर उभी आहेत. चिंचोका कमी पडला अशी तक्रार माझ्या सगळ्या नोकरीत कुणी केली नाही.

तक्रार लोकरीची होती. दख्खनी मेंढी काळी, काटक, मैलोन् मैल चालणारी, तिची लोकर राठ पण ऊबदार. कोकराची पहिली कातरण म्हणजे जावळ, त्याची घोंगडी सगळ्यात मऊ आणि मानाची. गेल्या काही दशकांत मटणाचा भाव वाढत गेला आणि लोकरीचा भाव मातीमोल झाला. मेंढपाळ माडग्याळसारख्या मांसल जातीकडे वळले. त्या मेंढीच्या अंगावर घोंगडीजोगी लोकर नसते. ज्यांच्याकडे जुनी मेंढी आहे त्यांना कातरायची मजुरीसुद्धा लोकर विकून सुटत नाही, म्हणून कातरलेली लोकर रानातच टाकून दिलेली मी पाहिली आहे. आणि तिथून काही मैलांवर विणकर लोकरीवाचून माग बंद ठेवून बसलेला. या दोघांच्या मध्ये लोकर गोळा करणारा, निवडणारा, धुऊन पिंजणारा आणि सूत कातणारा माणूस उरला नव्हता. पूर्वी धनगरांच्या घरच्या बायका सूत कातायच्या. त्या हाताला दुसरं काम मिळालं आणि साखळीतली एक कडी निघाली.

विणकराचं कर्जप्रकरण मला आठवतं ते दुसऱ्या एका कारणानं. केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. अठरा व्यवसाय तिच्यात आहेत. कुंभार, सोनार, सुतार, खेळणी करणारे आहेत. अवजारांसाठी १५,००० रुपये, प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, आणि पाच टक्के व्याजानं आधी एक लाख व नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज. माझ्या भागात या योजनेनं खूप जणांना पहिल्यांदा बँकेच्या दारात आणलं, हे मी कृतज्ञतेनं सांगते. मागावर बसणारा विणकर त्या अठरांत नाही. त्याच्यासाठी विणकर मुद्रा कर्ज आहे, ते आम्ही केलं. पण त्या पैशांतून तो लोकर कुठून आणणार होता? त्यानं धनगरांच्या दोन वाड्यांशी आगाऊ सौदा केला. कातरणीच्या दिवशी स्वतः जायचं, कातरायची मजुरी आपण द्यायची आणि लोकर उचलायची. कर्जाची पहिली रक्कम कातरणीच्या मजुरीतच गेली. त्या हंगामात त्याचा माग चालू राहिला आणि घोंगड्या यात्रेत हातोहात गेल्या. गिऱ्हाईक त्याच्याकडे आधीपासून होतंच.

निवृत्तीनंतर मी बँकेचे अर्ज भरत नाही, पण ओळखीचे कारागीर अजून कागद घेऊन येतात. कुंभारांसाठी तहसील कार्यालयात मातीचा अर्ज लिहून देणं, गटाचा हिशेब तपासणं, असं काही चालू असतं. गाळ काढायला घेतलेल्या तळ्याची बातमी आली की मी ती वस्तीत कळवते. जलसंधारणाच्या कामात निघालेला गाळ शेतकऱ्याला शेतात टाकायला मिळतो, तसा त्यातला चिकट मातीचा वाटा कुंभाराला मिळावा, यासाठी ग्रामपंचायतीचा एक ठराव पुरतो. खर्च काहीच नाही.

पांगाऱ्याचंही तसंच. त्याला बी रुजवून वाढवत बसावं लागत नाही. मनगटाएवढा फाटा पावसाच्या तोंडाशी रोवला तर तो जगतो आणि थोड्या वर्षांत फळ कोरण्याइतका होतो. दरवर्षी वृक्षलागवडीत हजारो रोपं लावली जातात. सावंतवाडी आणि आसपासच्या गावांनी त्यातली काही जागा पांगाऱ्याला द्यावी, आणि तोड झाली की लाकूड आधी कारागिरांना मिळेल असं ठरवावं. लोकरीसाठी तालुक्याला एक संकलन केंद्र, शाडूसाठी हंगामाआधी भरलेलं गोदाम, चांदी जोडणाऱ्या बायकांना नगावर मजुरी. यांतली एकही गोष्ट अवघड नाही आणि एकालाही फार मोठा निधी लागत नाही.

हस्तकलेवर प्रेम करणारे लोक महाराष्ट्रात भरपूर आहेत. प्रदर्शनात ते गर्दी करतात, भाव न करता घेतात, घरी आणून कौतुकानं मांडतात. त्यांना माझं एक सांगणं आहे. वस्तू हातात घेतल्यावर कारागिराला विचारा की हिचा माल कुठून येतो आणि पुढच्या वर्षी मिळणार आहे का. त्याच्या उत्तरात अडचण दिसली तर ती ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत, आमदाराकडे, बँकेत, जिथे तुमचा शब्द पोचतो तिथे मांडा. कारागिराला आपलं कौशल्य सिद्ध करायची गरज उरलेली नाही. ते त्याच्या हातात पिढ्यान् पिढ्या आहे. त्याला माती, लाकूड आणि लोकर मिळवून देणं हे काम बाकीच्या समाजाचं आहे, आणि ते आपण अजून हातात घेतलेलं नाही.